तुरीच्या ‘मर’ रोगाचा माग काढणारे बटलर

तुरीचे शेत फुलोऱ्यावर आलेले असते आणि मधलीच चार-दोन झाडे माना टाकतात. खोडाची साल सोलली तर आत काळपट पट्टे दिसतात. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी ज्याला ‘मर’ म्हणतो, त्या रोगाचा खरा कर्ता शोधून त्याला नाव देणारे एडविन जॉन बटलर मूळचे आयर्लंडचे. १८७४ साली किल्की येथे त्यांचा जन्म झाला. १८९८ मध्ये कॉर्क येथून वैद्यकाची पदवी मिळाली. परंतु त्यांचे मन रमले ते वनस्पतींच्या व्याधींत. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी कवकतज्ज्ञ म्हणून ते हिंदुस्थानात आले आणि १९०५ पासून बिहारमधील पुसा ही त्यांची कर्मभूमी झाली.

मेलेल्या तुरीच्या मुळांवर त्यांना दोन कवके आढळत. एक चंद्रकोरीसारखे बीजाणू धरणारे फ्युजेरियम. दुसरे नारिंगी-लाल, टाचणीच्या टोकाएवढ्या फळांचे निओकॉस्मोस्पोरा. अमेरिकेतील ख्यातनाम तज्ज्ञ अर्विन स्मिथ यांनी कापूस-कलिंगडाच्या मर रोगासंबंधी १८९९ मध्ये असे मांडले होते की, ही दोन्ही एकाच कवकाची रूपे आहेत. बटलर यांनी ते गृहीत धरले नाही. दोन्ही कवके वेगवेगळी वाढवून त्यांनी निरोगी तुरीवर त्यांची लागण करून पाहिली. झाडे मेली ती केवळ फ्युजेरियममुळे. दुसरे कवक मेलेल्या मुळांवर जगणारे उपरे निघाले. १९१० मध्ये त्यांनी खऱ्या गुन्हेगाराचे नामकरण केले : फ्युजेरियम उडम.

नावात एवढे काय, असे वाचकास वाटेल. पण रोगाला दाद न देणारे वाण निवडायचे, तर परीक्षा कोणत्या कवकापुढे घ्यायची हे आधी ठरावे लागते. तरीही पुढे १९४० मध्ये स्नायडर व हॅन्सन यांनी बटलर यांची ही जात ऑक्सिस्पोरम या अवाढव्य जातीत विलीन करून टाकली. केवळ बीजाणूंचा आकार पाहून हा वाद मिटणारा नव्हता. तो मिटवला जनुकांनी. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए-तुलनेत उडम स्वतंत्र ठरले आणि त्याचे स्थान ऑक्सिस्पोरमपासून दूर, फुजिकुरोई गटात आढळले. तुरीच्या या शत्रूची जवळची भावकी आफ्रिकेतील कॉफी सुकवणाऱ्या कवकाशी आहे. निओकॉस्मोस्पोराचे कूळ तर निराळेच निघाले.

जनुकांनी प्रत्येक बाबतीत मात्र बटलर यांची पाठराखण केली नाही. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील ताडांचे शेंडे कुजवणारा जीव त्यांनी १९०७ मध्ये कवक म्हणून वर्णिला. आज फायटॉप्थोरा पामिव्होरा या नावाने तो नारळ आणि कोकोच्या बागायतदारांना ठाऊक आहे. पण तो खऱ्या कवकांत मोडत नाही, त्याचे नाते तपकिरी शैवालांशी आहे. हा दोष बटलर यांचा नव्हे. त्या काळी सूक्ष्मदर्शकापलीकडे साधनच नव्हते.

१९१८ मध्ये वनस्पतिरोगांवरील त्यांचा मोठा ग्रंथ कोलकात्यात छापला गेला. १९२० मध्ये क्यू येथील नव्या कवकशास्त्र संस्थेचे संचालक म्हणून ते इंग्लंडला गेले. तेथून १९३१ मध्ये बिस्बी यांच्यासह त्यांनी भारतातील कवकांची सूची प्रसिद्ध केली. १९३९ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. ४ एप्रिल १९४३ रोजी त्यांचे निधन झाले, डीएनएची रचना उलगडण्याच्या दहा वर्षे आधी. पुसा येथे त्यांनी जमवायला घेतलेला वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आता नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आहे.