लाप्लास आणि पाणवठ्यावरची सांबरे

गेल्या बुद्धपौर्णिमेला मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्रभर बसून मी सांबरे मोजली. वहीत आकडा पडला अकरा. पहाटे मात्र मनात पाल चुकचुकली. नऊ वाजता आलेली मादीच तीन वाजता परत आली नसेल कशावरून? आणि जी पाण्यावर आलीच नाहीत, त्यांचे काय? संख्याशास्त्राच्या सरांपुढे हे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा त्यांनी मला लाप्लासचे चरित्र वाचायला दिले.

पिएर सिमाँ लाप्लास २३ मार्च १७४९ रोजी नॉर्मंडीतल्या एका खेड्यात जन्मला. धर्मोपदेशक व्हावा म्हणून घरच्यांनी शिकायला धाडलेला हा मुलगा गणिताच्या नादी लागला आणि १७७३ मध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी, पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सभासद झाला. ग्रहगोलांवरचे त्याचे काम सर्वश्रुत आहे. ते सोडून देतो. १७९४ साली त्याचा सहकारी लव्हाझिए गिलोटिनखाली गेला; हा पॅरिसबाहेर राहून वाचला. नेपोलियनने १७९९ मध्ये त्याला गृहमंत्री केले आणि सहा आठवड्यांत काढलेही. १८१४ साली त्याच नेपोलियनच्या पदच्युतीला याने मत दिले, पुढे बूर्बाँ राजाकडून मार्क्विस ही पदवीही घेतली. माणूस म्हणून तो मला फारसा भावला नाही.

पण १८०२ सालची त्याची युक्ती पाहा. फ्रान्सची लोकसंख्या काढायची, तीही सगळी माणसे न मोजता. त्याने ३० प्रांतांतली काही गावेच मोजवून घेतली. तिथे माणसे भरली २०,३७,६१५ आणि तीन वर्षांतले जन्म २,१५,५९९. म्हणजे वर्षाच्या एका जन्मामागे सुमारे २८.३५ माणसे. देशात वर्षाला दहा लाख जन्म धरले, तर लोकसंख्या २ कोटी ८३ लाखांवर जाते. या अंदाजात चूक किती असू शकेल, याचेही गणित त्याने मांडले. गावे मात्र चिठ्ठ्या टाकून नव्हे, तर तिथला कारभारी हुशार आणि उत्साही पाहून निवडली होती. ही उणीव राहिलीच.

लाप्लास ५ मार्च १८२७ रोजी वारला. १८९६ मध्ये डेन्मार्कच्या पीटरसनने माशांना हाडाच्या खुणा लावल्या, १९३० मध्ये अमेरिकेच्या लिंकनने वाळे घातलेल्या बदकांवरून हाच हिशेब केला. चाळीस जनावरांना खूण करून सोडली आणि नंतर पाहिलेल्या पन्नासांत दहा खुणेची निघाली, तर एकूण अदमासे दोनशे. कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्हास कारंथांनी १९९० नंतरच्या दशकात वाघाचे पट्टे हीच खूण मानून कॅमेऱ्यांनी वाघ मोजले.

सांबराला पट्टे नाहीत. यंदा मी फाटका कान, शिंगाचे मोडके टोक टिपून ठेवणार आहे. शिंगे नसलेल्या माद्यांचे काय करावे, ते मला आणि सरांनाही अजून सुचलेले नाही.