मक्याच्या कणसातले कोडे : बार्बरा मॅक्लिंटॉक

अर्धेच दाणे भरलेले मक्याचे कणीस आपण बाजूला टाकतो. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी त्याचे एक कारण शोधले.

त्यांचा जन्म १९०२ साली अमेरिकेत हार्टफर्ड येथे झाला. शिकलेल्या मुलीचे लग्न जमणार नाही, म्हणून आई कॉलेजला पाठवेना (तिकडेही हीच काळजी!). वडिलांच्या पाठिंब्याने १९१९ साली त्या कॉर्नेल विद्यापीठात गेल्या.

मक्यात गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात. १९२९ साली बार्बराबाईंनी त्यांना लांबीनुसार क्रमांक दिले; सर्वांत लांब ती १. दुसऱ्याच वर्षी त्यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवले, की काही अर्धवंध्य रोपांत दोन वेगळ्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलेली असते. त्यामुळे सुमारे निम्म्या बीजपेशींना जनुकांचा पूर्ण संच मिळत नाही व कणसात जागा रिकाम्या राहतात. हेच स्थानांतरण. त्याचे नाव क्रमांकांवरूनच पडते : ८ व ९ मधले ते टी८-९. माणसातही तसेच; एका रक्ताच्या कर्करोगात आढळणारे टी(९;२२).

नोबेल पारितोषिक मात्र त्यांना १९८३ साली वेगळ्याच शोधासाठी, जागा बदलणाऱ्या जनुकांसाठी, मिळाले. तो शोध चाळीसच्या दशकातला; कित्येक वर्षे फारसा कुणी मनावर घेतला नव्हता. १९९२ साली त्यांचे निधन झाले.