नांगर ओतणारे लक्ष्मणराव

वडनेर भोलजीच्या वर्गातून उठून आपल्यातले जे लेथ-वेल्डिंगच्या धंद्यात गेले, त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) जवळचे वाटतील. रंग नीट ओळखता येईनात म्हणून मुंबईत चित्रकला सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, पुढे तेच शिकवू लागले. हक्काची बढती हुकली तशी नोकरी सोडून बेळगावी भावाबरोबरच्या सायकलच्या दुकानात उतरले.

१९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज! पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. गिऱ्हाईक नसताना भट्टी पेटती ठेवणे काय असते, ते आपल्या कारागीर मित्रांना विचारा. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथून नांगरांमागोमाग पंपही निघू लागले.