विश्लेषण : ‘विश्वासाने तारण’ सांगायला आलेल्या मिशनऱ्याने गोंडांचे लिंगोगीत का लिहून घेतले? कोण होते स्टीफन हिस्लॉप?

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज माहीत नाही असा विदर्भातील वाचक विरळा. पण ज्यांच्या नावाने हे कॉलेज ओळखले जाते, ते स्टीफन हिस्लॉप कॉलेज सुरू होण्याच्या २० वर्षे आधीच एका ओढ्याच्या पुरात वाहून गेले होते. माणसाची सुटका फक्त ख्रिस्तावरील विश्वासाने होते, हे सांगण्यासाठी ते स्कॉटलंडहून आले. मागे राहिले ते मात्र गोंडांच्या सुटकेची गोष्ट सांगणारे गाणे. हेमलकशाच्या माडियांपासून सालेकशाच्या कचारगडापर्यंत पसरलेल्या गोंड समाजाच्या इतिहासात त्या कागदांना आजही महत्त्व आहे. ते का, हे समजून घेऊ.

हिस्लॉप नागपुरात कसे आले?

८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी हिस्लॉप यांचा जन्म झाला. ते धर्मशास्त्राचे शिक्षण घेत होते तो काळ स्कॉटलंडमधील चर्चसाठी वादळी होता. गावाचा पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, या वादातून १८४३ मध्ये चर्च दुभंगले. शेकडो पाळकांनी घर आणि पगार सोडून ‘फ्री चर्च’ स्थापन केले. हिस्लॉप याच फ्री चर्चचे.

१८४४ च्या अखेरीस ते पत्नीसह मुंबईत उतरले आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते आणि इंग्रजांची छावणी कामठीत होती. त्याआधी जर्मन मिशनऱ्यांची एक तुकडी गोंडांमध्ये काम करण्यासाठी मध्य भारतातील जंगलात गेली होती. पटकीच्या साथीत त्यातील बहुतेक जण काही दिवसांतच दगावले. तो अनुभव समोर असतानाच हिस्लॉप यांनी काम सुरू केले. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली. त्याच कामाचा पुढे विस्तार होऊन १८८३ मध्ये कॉलेज सुरू झाले.

‘विश्वासाने तारण’ म्हणजे नेमके काय?

हिस्लॉप जे शिकवत होते त्याचा गाभा बायबलमधील पौलाच्या पत्रांत आहे, विशेषतः रोमकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत. माणूस पापी आहे आणि स्वतःच्या पुण्याईने तो देवासमोर निर्दोष ठरू शकत नाही. येशू ख्रिस्ताने क्रुसावर मरण पत्करून ती शिक्षा स्वतःवर घेतली. त्यामुळे तारण ही कमाई नाही, ती देवाची कृपा आहे. माणसाने पश्चात्ताप करून ती विश्वासाने स्वीकारायची, अशी ही शिकवण आहे.

सोळाव्या शतकात जर्मनीतील मार्टिन ल्यूथर यांनी याच मुद्द्यावर रोमच्या चर्चला आव्हान दिले आणि प्रोटेस्टंट पंथ उभे राहिले. मग सत्कर्माचे काय? प्रोटेस्टंट उत्तर असे की, सत्कर्म हे तारणाचे फळ आहे, त्याची किंमत नव्हे. झाड जिवंत असेल तर त्याला फळ धरते, पण फळे बाहेरून बांधली म्हणून झाड जिवंत होत नाही. दुसरीकडे, कृतीवाचून विश्वास निर्जीव असतो असे बजावणारे याकोबाचे पत्रही बायबलमध्येच आहे. हा वाद चर्चमध्ये शतकानुशतके चालला. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चने या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

ही शिकवण नागपुरात वादग्रस्त का ठरली?

विश्वास ही प्रत्येकाची स्वतंत्र बाब असेल, तर निर्णयही ज्याचा त्यानेच घ्यायला हवा. इथेच मिशनचा समाजाशी खटका उडाला. जात, घर, वारसा हे सगळे कुटुंबाशी बांधलेले होते. बाप्तिस्मा घेणारा तरुण एका दिवसात या साऱ्याला मुकत असे. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या एका ब्राह्मण मुलावरून मोठा वाद झाला. भोसले दरबाराने त्याला परत मागितले आणि इंग्रज रेसिडेंटने त्याला दरबाराच्या हवाली केले. कंपनी सरकार मिशनच्या पाठीशीच असणार, हा समज निदान या प्रकरणात तरी खोटा ठरला.

हिस्लॉप यांच्या हयातीत ख्रिस्ती झालेल्यांची संख्या फार मोठी नव्हती. शाळेत मुले शिकायला येत, पण बाप्तिस्म्यापर्यंत मोजकेच पोहोचत.

मिशनरी आणि दगडांचा अभ्यासक?

प्रवासात हिस्लॉप यांचे लक्ष दगडांकडेही असे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा निबंध लंडनच्या भूशास्त्र संस्थेने १८५५ मध्ये प्रसिद्ध केला. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथे सापडलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन या नामवंत शास्त्रज्ञाने केले. ‘हिस्लोपाइट’ या खनिजाला हिस्लॉप यांचेच नाव मिळाले.

जे दिसते ते जसेच्या तसे नोंदवण्याची हीच सवय त्यांनी माणसांच्या अभ्यासातही ठेवली. त्यांनी आदिवासी भाषांतील शब्दांच्या तुलनात्मक याद्या केल्या. गोंडांमध्ये साडेबारा पोटविभाग असल्याची नोंद केली. त्या यादीत ‘माड्याल’ हे नाव आहे. हेच आजचे माडिया. हेमलकसा, भामरागड हा परिसर त्यांचा. तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्याआधी हा सगळा मुलूख चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तो १९७३ मध्ये, म्हणजे हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर ११० वर्षांनी.

लिंगोगीतात काय आहे?

गोंडांच्या वंशकथा गाण्याचे काम परधान समाजाकडे असते. अशाच एका परधान गायकाच्या तोंडून हिस्लॉप यांनी लिंगोचे दीर्घ गीत गोंडीत उतरवून घेतले.

त्यातील कथा थोडक्यात अशी. महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि तोंडाशी मोठा दगड लावतो. चौघे निसटून काचीकोपा लोहगड येथे जातात. फुलातून जन्मलेला लिंगो या चौघा भावांना भेटतो, त्यांना शेती शिकवतो, त्यांच्यासाठी विस्तव आणतो. पुढे हेच भाऊ संशयाने त्याचा जीव घेतात. अमृत शिंपडल्यावर लिंगो पुन्हा उठतो. तो सूड घेत नाही. महादेवाने घातलेली अवघड अट पूर्ण करून तो गुहेतल्या गोंडांना सोडवतो आणि मग गोत्रे, विवाह, देव यांची घडी बसवून देतो.

मारला गेलेला आणि पुन्हा उठलेला तारणहार म्हटल्यावर ख्रिस्ताची आठवण होणे साहजिक आहे. पण फरक मूलभूत आहे. हिस्लॉप यांच्या धर्मात सुटका पापातून होते आणि ती एकेका माणसाची होते. लिंगोच्या कथेत सुटका कोंडवाड्यातून होते आणि ती अख्ख्या समाजाची होते. एकीकडे विश्वास ठेवायचा आहे, तर दुसरीकडे घालून दिलेल्या नात्यांप्रमाणे जगायचे आहे.

हिस्लॉप यांचा मृत्यू कसा झाला?

१८६३ च्या पावसाळ्यात हिस्लॉप मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला गेले होते. तेथील प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहायचे होते. ४ सप्टेंबरला परतताना वाटेत शाळेची तपासणी करण्यासाठी ते मागे थांबले. अंधार पडल्यावर घोड्यावरून एकटे निघाले आणि पावसाने फुगलेल्या ओढ्यात बुडाले. स्वार नसलेला घोडा दिसल्यावर शोध सुरू झाला. ४६ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते.

त्यांची टिपणे अपुरीच होती. टेंपल यांनी ती संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. लिंगोगीत त्यातच आहे, मूळ गोंडीसह.

आज त्याचे महत्त्व काय?

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील कचारगडला हजारो गोंड भाविक येतात. लिंगोने आपल्या पूर्वजांना सोडवले ती हीच गुहा, अशी त्यांची श्रद्धा आहे. हिस्लॉप यांची प्रत मात्र सर्वांना जशीच्या तशी मान्य नाही. त्यातील महादेव, पार्वती ही हिंदू छाप आहे, असे अनेक गोंड अभ्यासकांचे म्हणणे आहे. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी मांडलेल्या कथेत हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताचा गुहेतील मुलांच्या सुटकेत मोठा वाटा आहे. जनगणनेत आदिवासींच्या धर्मासाठी वेगळा रकाना असावा, ही मागणी होत असताना गोंडी पुनेमची जुनी लिखित साधने कोणती, हा प्रश्न येतोच. त्या शोधात हिस्लॉप यांचे कागद टाळून पुढे जाता येत नाही.

कर्माने तारण मिळत नाही, असे हिस्लॉप आयुष्यभर शिकवत राहिले. त्यांच्या धर्माच्या हिशेबात या कागदांमुळे त्यांच्या तारणात काहीच भर पडत नाही. गोंडांच्या इतिहासात मात्र त्यांची नोंद याच कामामुळे राहिली आहे.