विद्यापीठाचे दार आणि बाबासाहेब

बीड शहर मागे टाकून सोलापूरच्या रस्त्याला लागले, की काही किलोमीटरवर पाली हे गाव येते. शेजारी बिंदुसरेचा तलाव आणि पुढे मांजरसुंब्याचा घाट. पालीसारख्या गावातल्या मुलाला आज पदवीचे शिक्षण घ्यायचे तर बीडला जाऊन-येऊन घेता येते. १९४८ पर्यंत मात्र बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून चालू होते, पण ते दूर हैदराबादला, आणि तिथले शिक्षण उर्दूतून. मराठवाड्यात औरंगाबादला इंटरपर्यंतची सोय होती. त्यापुढे शिकायचे असेल तर घर, गाव आणि बहुधा भाषाही सोडावी लागे. शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या मुलाने त्यापुढचा विचारच करू नये, अशी ती व्यवस्था होती.

ही स्थिती पालटायला ज्या संस्थेने मोठा हातभार लावला, ती १९५० मध्ये औरंगाबादेत उभी राहिली. तिचे संस्थापक डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. विद्यापीठाचे दार कोणासाठी उघडे असावे आणि ते उघडताना दर्जाचे काय करावे, हा प्रश्न त्यांनी त्याच्या तेवीस वर्षे आधी मुंबईच्या कायदेमंडळात मांडला होता. चवदार तळ्याचे, गोलमेज परिषदेचे आणि राज्यघटनेचे बाबासाहेब महाराष्ट्राला ठाऊक आहेत. उच्च शिक्षणाच्या धोरणावर आकडेवारी घेऊन सरकारशी वाद घालणारे आमदार आंबेडकर त्या मानाने कमी परिचित आहेत.

७५० पैकी २८२

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. साताऱ्यात प्राथमिक शिक्षण झाल्यावर कुटुंब मुंबईला आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही अस्पृश्य म्हणून ती भाषा त्यांना नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. त्या काळी परीक्षा कडक होती आणि गुण सढळ हाताने दिले जात नसत, हे खरे. तरीही शेकडा अडतीसच्याही आत भरणारे हे गुण पाहून पुढील कर्तृत्वाचा अंदाज कोणालाही बांधता आला नसता.

तो अंदाज कृष्णाजी अर्जुन केळुसकरांना मात्र आला होता. त्यांनी या मुलाची गाठ बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी घालून दिली. दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या मदतीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. १९१५ मध्ये एम. ए., त्यानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये परत येणे, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे अध्यापन आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन, असा हा प्रवास. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. आणि बॅरिस्टरी घेऊन ते परतले. कोलंबियाची पीएच. डी. त्यांना १९२७ मध्ये रीतसर मिळाली. दारातच गुण मोजून कोणी त्यांना परत पाठवले असते, तर यातले काहीच घडले नसते.

कायदेमंडळातील आकडे

सरकारने त्यांची मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर नियुक्ती केली आणि १८ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली. त्यांचे वय तेव्हा पस्तीस होते. महिना उलटण्यापूर्वीच, १२ मार्चला, शिक्षणाच्या अनुदानावरील चर्चेत ते बोलायला उभे राहिले. अर्थशास्त्राचा हा अभ्यासक सरकारचेच आकडे घेऊन आला होता. सरकार शिक्षणावर दर माणशी सुमारे चौदा आणे खर्च करते आणि अबकारी कराच्या रूपाने त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले. लोकांकडून दारूवर जेवढे घेतले जाते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणासाठी परत मिळावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी दाखवले.

त्यानंतर ते उच्च शिक्षणाकडे वळले. सरकारी अहवालाने लोकसंख्येचे चार गट पाडले होते: पुढारलेले हिंदू, मुसलमान, मराठा व तत्सम जातींचा मधला वर्ग आणि मागासलेला वर्ग. प्राथमिक शाळेत दर हजार लोकांमागे या गटांची मुले अनुक्रमे ११९, ९२, ३८ आणि १८ होती. माध्यमिक शाळेत दर लाखामागे हे प्रमाण ३०००, ५००, १४० आणि १४ झाले. महाविद्यालयात दर दोन लाख लोकांमागे पुढारलेल्या वर्गाचे एक हजार विद्यार्थी होते, मुसलमानांचे ५२ आणि मधल्या वर्गाचे १४. मागासलेल्या वर्गाच्या रकान्यात जवळपास शून्य होते. लोकसंख्येत मात्र मधला वर्ग पहिला, मागासलेला दुसरा आणि पुढारलेला चौथा होता.

हे आकडे आज पुन्हा वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. बाबासाहेब केवळ अस्पृश्यांचे गाऱ्हाणे मांडत नव्हते. नांगर धरणारा कुणबी आणि मराठाही विद्यापीठाच्या दाराबाहेर उभा आहे, हे त्यांनी त्याच तक्त्यातून दाखवून दिले होते. शिक्षण हे सर्वांच्या आवाक्यात असले पाहिजे आणि त्या खात्याचा हिशेब फीच्या वसुलीवर करता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. समाज विषम पातळीवर असेल तर खाली असलेल्यांना जास्त मदत देणे, हाच समानतेकडे जाण्याचा मार्ग होय, असे ते मानत. या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्याचा हक्क आणि विद्येचा हक्क यांत त्यांनी कधी फरक केला नाही.

सिनेट कोणाची?

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक कायदेमंडळापुढे आले. बाबासाहेबांचा या विषयाचा अभ्यास जुना होता. १९२४ मध्ये विद्यापीठ सुधारणा समितीच्या प्रश्नावलीला त्यांनी सविस्तर लेखी उत्तर दिले होते. पदवीचे अध्यापन आणि पदव्युत्तर संशोधन यांची फारकत करू नये, असे त्यांचे मत होते. त्यांच्या लेखी दर्जा वाढवायचा तर तो आतल्या अध्यापनातून वाढवायला हवा होता.

जुलै आणि ऑक्टोबर १९२७ मध्ये झालेल्या चर्चेत सिनेटवर मागासलेल्या वर्गांना प्रतिनिधित्व असावे, अशी बाजू त्यांनी मांडली. विद्यापीठ ही विद्वानांची जागा, तिथे जातीपातीचे राजकारण कशाला, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो सगळाच खोटा होता असे नाही. त्याला उत्तर सरळ होते. ज्या वर्गात पदवीधरच नाहीत, त्या वर्गाचा माणूस पदवीधरांच्या मतांवर निवडून येणार कसा? आणि तो तिथे नसेल, तर पदवीधर का निर्माण होत नाहीत हा प्रश्न तिथे विचारणार कोण? केवळ परीक्षा घेणे आणि पदव्या वाटणे एवढ्यावर कोणत्याही सुधारलेल्या देशातील विद्यापीठाचे समर्थन होऊ शकत नाही, गरिबाच्या दारापर्यंत सर्वोच्च शिक्षण नेण्याची सोय करणे हे त्याचे मूलभूत काम आहे, ही भूमिका त्यांनी ऑक्टोबरच्या भाषणात स्पष्टपणे मांडली. ऐहिक लाभ एक वेळ सोडता येतील, पण उच्च शिक्षणाची संधी सोडता येणार नाही, ही त्यामागची धारणा होती.

पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेवर निवडून आले. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी त्याच वर्षी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयना दिले. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना केंद्राकडून मोठी अनुदाने मिळतात, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी तशी तरतूद का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्यातून शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची जी योजना पुढे देशभर पसरली, तिचे मूळ या काळात आहे.

घटना आणि प्रवेशाचा पहिला खटला

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांपुढे हाच पेच मोठ्या रूपात आला. घटनेने विद्यापीठीय शिक्षण राज्यांकडे ठेवले, पण उच्च शिक्षणाच्या दर्जाचे निश्चितीकरण आणि समन्वय केंद्राच्या सूचीत घातला. प्रवेशाचे दार राज्याच्या हाती आणि दर्जाची फूटपट्टी केंद्राच्या, अशी ही विभागणी होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत नेले, तरी ही ओढाताण संपलेली नाही.

घटना लागू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. मद्रास राज्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रत्येक चौदा जागा सहा गटांत जातवार वाटून दिल्या जात. चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५१ रोजी हा आदेश घटनाबाह्य ठरवला. कायदामंत्री बाबासाहेबांनी निकाल पाळणे बंधनकारक मानले, मात्र तो आपल्याला पटलेला नाही, हे संसदेत उघडपणे सांगितले. जून १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात चौथे उपकलम आले आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. शैक्षणिक प्रवेशातील आरक्षणाचा पुढचा सारा डोलारा या वाक्यावर उभा आहे.

मात्र याच बाबासाहेबांनी ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत नोकऱ्यांतील आरक्षणावर बोलताना, राखीव जागा एकूण जागांच्या तुलनेत अल्प असल्या पाहिजेत, नाहीतर समान संधीचे तत्त्वच पोकळ होईल, असा इशारा दिला होता. त्यांचे नाव घेणाऱ्या आणि त्यांना विरोध करणाऱ्या, अशा दोन्ही बाजूंना ही गोष्ट अनेकदा अडचणीची वाटते.

औरंगाबादचे महाविद्यालय

कायद्याने दार उघडते, पण दारापर्यंत येण्यासाठी वाट लागते, वस्तीला जागा लागते. हे ओळखून बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तिथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होताच त्यांचे लक्ष मराठवाड्याकडे गेले आणि जून १९५० मध्ये औरंगाबादेत सोसायटीचे महाविद्यालय उघडले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. हेच आजचे मिलिंद महाविद्यालय आणि त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन.

त्यांनी या महाविद्यालयाला जोडून वसतिगृहेही उभारली, कारण खेड्यातून येणाऱ्या मुलाची खरी परीक्षा वर्गात बसण्याआधीच सुरू होते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. महाविद्यालय कोणत्याही एका जातीसाठी नव्हते. मराठवाड्यातील सर्व थरांची मुले तिथे शिकली. प्रवेश उदार, वाचन-अध्यापन कडक, हे सूत्र त्यांनी कायदेमंडळात मांडले होते आणि येथे ते प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न झाला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत निधन झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. एक्कावन्न वर्षांपूर्वी याच महिन्यात सिनेटच्या दारासाठी ते मुंबईच्या कायदेमंडळात भांडले होते. ठराव एकमताचा होता, परंतु मराठवाड्यात त्यानंतर दलितांच्या वस्त्या जळाल्या. नामविस्तार प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. सभागृहातील एकमत गावात उतरायला साडेपंधरा वर्षे लागली.

प्रवेशाचे वाद त्यानंतरही विधिमंडळात येतच राहिले. वैद्यकीय प्रवेशात सत्तर टक्के जागा त्या त्या विभागासाठी राखणारे सूत्र मराठवाड्याच्या मुलांवर अन्याय करते, कारण येथे महाविद्यालयेच कमी आहेत, अशी तक्रार वर्षानुवर्षे होती. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा समाजाला शिक्षण आणि नोकऱ्यांत दहा टक्के आरक्षण देणारे विधेयक विशेष अधिवेशनात मंजूर झाले. बीड जिल्हा या मागणीच्या आंदोलनात अग्रभागी होता. दर दोन लाखांमागे चौदा, हा १९२७ चा आकडा ज्या वर्गाचा होता, त्याच वर्गातील शेतकऱ्यांची ही मुले.

बाजू कोणतीही असो, या वादांत जागांची संख्या मोजली जाते, दर्जाची भाषाही होते. जागा मिळाल्यावर त्या मुलाला राहायला कोठे, शिकवायला कोण आणि चौथीतच गळालेल्यांचे काय, हे १२ मार्च १९२७ चे प्रश्न मात्र मागे राहतात. पालीहून बीडला शिकायला जाणाऱ्या मुलासाठी दार आज उघडे आहे. आत गेल्यावर त्याला काय मिळते, याचा जाब विचारणारा आमदार त्याला मिळाला, तर बाबासाहेबांच्या त्या भाषणाचे सार्थक होईल.