आल्फ्रेड डनहिल

आल्फ्रेड डनहिल (जन्म : ३० सप्टेंबर १८७२, हॉर्न्सी, लंडन, मृत्यू : २ जानेवारी १९५९, वर्दिंग) हे इंग्लिश उद्योजक, पाइपनिर्माते, पाइपांचे संग्राहक आणि लेखक होते.

== प्रारंभीचा काळ ==
वडिलांचा खोगीर व घोड्यांचे साज बनविण्याचा व्यवसाय त्यांनी १८९३ मध्ये हाती घेतला. मोटारगाड्या आल्यावर घोड्यांच्या साजाला उतरती कळा लागणार, हे त्यांनी वेळीच ओळखले आणि मोटारचालकांसाठी कातडी कोट, चष्मे, दिवे, भोंगे विकण्यास सुरुवात केली. उघड्या गाडीत वाऱ्याने तंबाखू विझू नये, म्हणून १९०४ मध्ये त्यांनी वाऱ्याला आडोसा असलेला पाइप तयार केला. त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूने ठरविली.

== पाइपनिर्मिती ==
१९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर त्यांनी तंबाखूचे दुकान उघडले. बाजारातील पाइपांच्या दर्जाने समाधान न झाल्याने १९१० मध्ये स्वतःचा कारखाना काढला. भूमध्य सागराच्या परिसरात वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाजवळील गाठीपासून ब्रायर हे टणक लाकूड मिळते. वाळूच्या दाबयुक्त माऱ्याने त्याचा मऊ भाग झिजतो व कठीण रेषा उठून दिसतात. या तंत्राने घडविलेला ‘शेल’ हा खडबडीत पाइप त्यांनी १९१७ च्या सुमारास प्रचारात आणला. बॉयलरजवळ विसरलेल्या पाइपावरून ही युक्ती सुचल्याची आख्यायिका आहे.

तोंडात धरावयाच्या नळीवरील पांढरा ठिपका मुळात शोभेसाठी नव्हता. नळीची वरची बाजू कोणती, हे ग्राहकास कळावे एवढाच त्याचा हेतू होता. पुढे तोच डनहिल पाइपाची ओळख ठरला.

== संग्रह व ग्रंथ ==
स्वतः ब्रायरचे व्यापारी असूनही डनहिल यांची जिज्ञासा आपल्या मालापुरती मर्यादित नव्हती. जगभरच्या पाइपांचा त्यांनी मोठा संग्रह केला. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द पाइप बुक’ या ग्रंथात जमिनीत खोदलेल्या ओबडधोबड पाइपांपासून हुक्का, अतिपूर्वेकडील पाइप आणि आधुनिक ब्रायरपर्यंतचा विषय येतो. विक्रेत्याने लिहिलेले हे पुस्तक जाहिरातपत्र ठरले नाही, हे विशेष.

== जपानशी संबंध ==
१९२० च्या दशकाच्या अखेरीस ते व्यवसायातून निवृत्त झाले. त्यानंतर १९३० मध्ये त्यांच्या कंपनीने जपानच्या नामिकी कंपनीशी करार केला. लाखेच्या थरांवर सोन्याची पूड शिंपडून चित्र उमटविण्याच्या माकि-ए कलेतील लेखण्या त्यामुळे डनहिल-नामिकी या नावाने पाश्चात्त्य देशांत पोहोचल्या. नामिकीच्या कारागिरांना मार्गदर्शन करणाऱ्या गोनरोकू मात्सुदा यांना पुढे १९५५ मध्ये जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. या लेखण्या आज संग्राहकांत अतिशय मोलाच्या मानल्या जातात.

== अखेरची वर्षे ==
एप्रिल १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ड्यूक स्ट्रीटचे दुकान उद्ध्वस्त झाले. तेव्हा व्यवसाय पुढील पिढीच्या हाती होता. ढिगाऱ्यासमोर टेबल मांडून विक्री चालू ठेवण्यात आली. डनहिल यांचे वयाच्या ८६ व्या वर्षी निधन झाले.