त्रैक्याचे कैवारी : संत अथानासियस

पुत्र हा पित्यानें निर्माण केलेला आहे, असें आरियस नांवाचा धर्मगुरु आलेक्झांड्रियांत शिकवूं लागला. निर्मित पुत्र आपणांस देवाशीं जोडूं शकणार नाहीं, हें तेथीलच तरुण डीकन अथानासियस ह्यांनीं ओळखलें. सन ३२५ मध्यें ते आपल्या बिशपांसह निकेयाच्या धर्मपरिषदेस गेले. पुत्र पित्याशीं एकतत्त्व आहे, असें तेथें ठरलें. ३२८ सालीं ते स्वतः बिशप झाले. पुढें चार बादशहांच्या हातून त्यांस पांच वेळां, सुमारें १७ वर्षें, हद्दपारी भोगावी लागली. वाळवंटांतील साधूंच्या आश्रयास असतां पवित्र आत्माही देवच होय, हें त्यांनीं पत्रांतून प्रतिपादिलें. २ मे ३७३ रोजीं ते निवर्तले. प्रिय बंधुभगिनींनो, रविवारच्या मिस्सांत विश्वासांगीकार म्हणतांना ह्या उपकाराचें स्मरण ठेवूं या.